आओमोरीचा नेबुता बघायला जायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी जपानमध्ये आल्यापासून चार वेळा आओमोरीला नेबुताला जाऊन आलोय, आणि दरवर्षी जून उजाडला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, की अरे ते मोठे कंदील असतात ना ते कुठे, कधी, तिकीट लागतं का. प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय.

नेबुता म्हणजे नक्की काय?

होन्शू हे जपानचं मुख्य बेट, त्याच्या अगदी उत्तर टोकाला आओमोरी शहर आहे, वस्ती अडीच-पावणेतीन लाखाच्या आसपास. तिथे दरवर्षी २ ते ७ ऑगस्ट हा उत्सव असतो. नेबुता म्हणजे लाकूड, तार आणि कागदाचा प्रचंड मोठा कंदील, पण कंदील म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते आधी काढून टाका. हा कंदील म्हणजे तलवार उपसलेला योद्धा असतो, किंवा डोळे वटारलेला राक्षस, किंवा ड्रॅगनशी झुंजणारा कोणीतरी वीर, आणि आतून शेकडो दिवे पेटलेले. रुंदी ९ मीटरपर्यंत, खोली ७ मीटर, चाकांच्या गाड्यासकट उंची ५ मीटर, वजन चार टनांच्या घरात. असे वीस-बावीस एकामागून एक रस्त्यावर येतात, प्रत्येकाच्या मागेपुढे ढोल, बासऱ्या, झांजा आणि उड्या मारणारे शेकडो लोक. १९८० मध्ये सरकारने याला महत्त्वाचा अमूर्त लोकसांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आकिताचा कांतो आणि सेंदाईचा तानाबाता धरून तोहोकूचे, म्हणजे होन्शूच्या उत्तर भागाचे, तीन मोठे उत्सव म्हणतात त्यातला हा एक.

नाव कुठून आलं?

नेमुई म्हणजे झोप येणे. उन्हाळ्यात शेतीची कामं जोरात असताना अंगात सुस्ती आणि झोप भरते, ती कामाच्या आड येते, म्हणून ती दिव्यांबरोबर पाण्यात सोडून द्यायची अशी या भागातली जुनी रीत होती, तिला नेमुरी नागाशी म्हणतात, आणि ती तानाबाताच्या म्हणजे सातव्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या सणात मिसळली. त्या नेमुरीचंच बोलता बोलता नेबुता झालं असं बहुतेक जण मानतात. दुसरी एक गोष्ट साकानोउए नो तामुरामारो या सेनापतीची सांगतात, की त्याने शत्रूला भुलवून बाहेर काढायला मोठे कंदील आणि ढोल वापरले. गोष्ट झकास आहे पण तो इतक्या उत्तरेला कधी आलाच नव्हता असं इतिहासवाले सांगतात. तरी त्याचा मान एवढा की पूर्वी सगळ्यात वरच्या बक्षिसाला त्याचंच नाव होतं.

मला स्वतःला झोप पाण्यात सोडण्याची कल्पना फार आवडते. आओमोरीत हिवाळ्यात जेवढा बर्फ पडतो तेवढा जगातल्या फार कमी मोठ्या शहरांत पडत असेल, उन्हाळा म्हणजे मोजून काही आठवडे, आणि मग त्या आठवड्यांत झोपायचं कशाला.

कुठल्या दिवशी जाऊ? एकच रात्र मिळणार आहे.

मग ४, ५ किंवा ६ तारीख धरा. २ आणि ३ ला मुलांचे छोटे नेबुता असतात, गोड असतात एकदम, पण मोठे सगळेच्या सगळे त्या दोन दिवशी निघत नाहीत. ४ ते ६ ला मोठ्यांची मिरवणूक. साधारण पावणेसातच्या सुमारास सुरू होते आणि नऊपर्यंत चालते, नक्की वेळ त्या वर्षीची बघून घ्या कारण मधूनमधून बदलते. ७ तारीख एकदम वेगळी: मिरवणूक दुपारी निघते, आणि रात्री बक्षीस मिळवलेले नेबुता बार्जवर, म्हणजे मोठ्या सपाट होडीवर, चढवून आओमोरीच्या खाडीत फिरवतात आणि वर आतषबाजी.

दोन रात्री काढता आल्या तर ६ आणि ७ करा. ६ ला सगळे शेवटच्या जोरात असतात, आवाज बसलेले, पाय सोललेले, तरी थांबत नाहीत. आणि ७ ला काळ्या पाण्यावर ते लालभडक योद्धे हळूहळू सरकताना दिसतात, बासरीचा आवाज पाण्यावरून येतो, आणि बाजूला उभे असलेले आओमोरीचे लोक गप्प असतात. माझ्या शेजारी एक आजोबा होते ते म्हणाले, झालं, आता उद्यापासून वारा बदलेल, शरद आला. खरंच बदलला की नाही मी बघायला थांबलो नव्हतो, पण त्यांचा चेहरा लक्षात राहिला.

तिकीट लागतं का?

फुटपाथवर उभं राहून किंवा बसून बघायला काहीच लागत नाही. मांडलेल्या खुर्च्यांचं तिकीट असतं, ते उन्हाळ्याच्या आधीच विक्रीला येतं. घरातलं कोणी वयस्कर बरोबर असेल तर तिकीट काढाच, दोन तास गर्दीत उभं राहणं सोपं नाही. बाकीच्यांनी दुपारी जाऊन एक पातळ शीट अंथरून जागा धरावी, तिथले लोक तसंच करतात. मार्ग साधारण ३ किलोमीटरचा गोल आहे, शिनमाची-दोरी, हाक्को-दोरी, हायवे असा फिरून परत, आणि गाडे सगळ्या मार्गावर पसरून एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे कुठेही बसलात तरी काही सुटत नाही. कोपऱ्यावर जागा मिळाली तर सोडू नका, कारण वळणावर गाडा फिरवतात तेव्हा खरी मजा असते.

गाडा फिरवतात म्हणजे?

पुढे एक माणूस पंखा घेऊन शिट्टी वाजवत चालतो, तो ड्रायव्हरच म्हणा, फक्त गाड्याच्या बाहेर. त्याच्या इशाऱ्यावर खाली दांड्यांना धरलेले लोक चार टनांचं ते धूड एकदम प्रेक्षकांच्या अंगावर नेल्यासारखं पुढे आणतात, वाकवतात, जागच्या जागी गरगर फिरवतात. पहिल्या वर्षी एका नेबुताचा तलवारवाला हात माझ्या डोक्यावरून गेला आणि मी दचकून मागे सरकलो, शेजारची चार वर्षांची मुलगी मात्र टाळ्या वाजवत होती.

आणि एक सांगतो जे पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसतं. नेबुता पुढे गेला की मान वळवून त्याची मागची बाजू बघा. तिला ओकुरी म्हणतात, तिच्यावर वेगळं चित्र असतं, पुढच्या गोष्टीचाच दुसरा तुकडा. लोक मोबाईल खाली करून पुढच्या गाड्याकडे बघायला लागतात आणि निम्मं काम बघायचंच राहतं.

हे सगळं बनवतं कोण?

नेबुता-शी म्हणतात त्यांना. हे फार थोडे लोक आहेत आणि आओमोरीत त्यांची नावं क्रिकेटरसारखी लोकांच्या तोंडात असतात, यंदा अमक्याचा नेबुता बघितलास का असं चहावाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे बोलतात. हिवाळ्यात चित्र काढायचं, हात-चेहरे असे सुटे भाग आधी करून ठेवायचे, मे महिन्याच्या सुमाराला बंदराजवळच्या मोठ्या तंबूवजा शेडमध्ये जुळणी सुरू. लाकडाचा सांगाडा, त्यावर तारेचं अंग, मग आत दिव्यांचं वायरिंग, मग तारेच्या प्रत्येक चौकटीवर वाशी हा पारंपरिक जपानी कागद चिकटवायचा, आणि हे काम इतकं किचकट आहे की बघूनच डोळे दुखतात. त्यानंतर काळ्या शाईने रेषा ओढतात, त्याच रेषांनी चेहऱ्यावर राग येतो. मग गरम मेण लावतात, मेणामुळे रंग एकमेकांत पसरत नाहीत आणि मेण लागलेली जागा उजेडात पारदर्शक होऊन चमकते. मग रंग. शेवटी जुलैच्या अखेरीस सगळे मिळून उचलून गाड्यावर चढवतात. पूर्वी सांगाडा बांबूचा आणि आत मेणबत्त्या असायच्या, म्हणजे पेट घ्यायची भीती कायम, आता तार आणि बरेचसे एलईडी, आणि जनरेटर गाड्यातच खाली असतो.

बराच काळ हे पुरुषांचंच काम समजलं जायचं. कितामुरा आसाको ही पहिली बाई नेबुता-शी, तिचे वडील कितामुरा ताकाशी याच कामातले मोठे मास्तर, आणि तिने २०१२ मध्ये पहिला मोठा नेबुता स्वतःच्या नावाने काढला. तिचे नेबुता समोरून येताना बघाच.

आपल्या गणपतीच्या मिरवणुकीसारखंच आहे ना?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो, मी पण विचारला होता. दिसायला खूप जवळचं वाटतं: प्रत्येक गाड्यामागे एक मंडळ असतं, कोणाचं महानगरपालिकेचं, कोणाचं शाळेच्या पालकांचं, कोणाचं हिताची किंवा पॅनासोनिकसारख्या कंपनीचं, महिनोन्‌महिने तयारी, ढोल, बक्षिसं, आणि शेवटी पाणी. पण गाड्यावर देव बसवलेला नसतो, पूजा नाही, आरती नाही, कोणी हात जोडत नाही. नेबुता म्हणजे दिव्याने सांगितलेली गोष्ट, काबुकी या जुन्या जपानी नाटकांतली, इतिहासातली, कधी चिनी कथांमधली. आणि जुन्या काळी दिवे पाण्यात सोडायचे तसं आता करत नाहीत, खाडीत फिरवून परत आणतात.

एक नातं मात्र खरं आहे आणि मला ते कळलं तेव्हा अंगावर काटा आला. बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडचे देव चीनमधून जपानला पोचले, आणि ते नेबुतावर येतात. ताइशाकुतेन म्हणजे आपला इंद्र, बिशामोनतेन म्हणजे कुबेर, आणि आशुरा तर नावासकट असुर. ताइशाकुतेन आणि आशुरा यांची लढाई म्हणजे इंद्र आणि असुरांचं युद्ध, जे आपण आजीकडून ऐकलंय, ते तिथे लाल-निळ्या कागदात पेटलेलं दिसतं.

नुसतं बघायचं नाहीये, नाचता येईल का?

येईल! आणि हेच सांगायला मी हे सगळं लिहितोय खरं म्हणजे. नाचणाऱ्यांना हानेतो म्हणतात, आणि हानेतो व्हायला ना आओमोरीचं असावं लागतं, ना जपानी, ना कोणाची ओळख लागते. एकच अट: पूर्ण ठरलेला पोशाख हवा. तो घालून मिरवणूक सुरू व्हायच्या आधी थांबलेल्या कुठल्याही गटाजवळ जायचं, हसून मान लववायची आणि त्यांच्यात मिसळायचं. कोविडमध्ये २०२० आणि २०२१ ला उत्सवच झाला नाही आणि २०२२ ला आधी नाव नोंदवावं लागत होतं, त्यानंतर परत खुलं झालं. तरी जायच्या वर्षीचे नियम एकदा बघून घ्या.

पहिल्या वर्षी मी फुटपाथवर बसून बघितलं आणि वाटलं वा, काय सुंदर. दुसऱ्या वर्षी आत शिरलो आणि कळलं की फुटपाथवरून जे दिसतं ते अर्धंसुद्धा नाही. समोर नेबुताची पाठ पेटलेली, मागून ढोल थेट छातीत, आजूबाजूला अनोळखी माणसं एकाच ठेक्यात उडतायत, एक शाळकरी पोरगी मला पाय कसा टाकायचा ते दाखवतेय, आणि तुम्ही ज्या देशात सात वर्षं सांभाळून हळू आवाजात बोलत आलाय त्या देशात रस्त्याच्या मधोमध घसा फाडून ओरडताय. मला इथे राहताना जो एकटेपणा कधीमधी जाणवतो तो त्या दोन तासांत कुठे गेला कळलंच नाही.

पोशाखात काय काय असतं, आणि कुठे मिळतो?

युकाता म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, आत कमरेला ओकोशी नावाचं गुंडाळायचं रंगीत कापड, गुलाबी किंवा पिवळ्या रंगाचा तासुकी नावाचा पट्टा खांद्यावरून बांधलेला, कमरेला शिगोकी म्हणजे लांब पट्टा, पांढरे ताबी मोजे, झोरी चपला, आणि डोक्यावर हानागासा, कागदाच्या फुलांनी भरलेली टोपी. कमरेला गागाशिको नावाचा धातूचा पेला लटकवतात, पाणी किंवा साके प्यायचा. आणि अंगभर घुंगरं.

आओमोरीत त्या आठवड्यात बरीच दुकानं भाड्याने देतात, काही हजार येन लागतात, बहुतेक ठिकाणी नेसवून पण देतात. आधी बुकिंग केलेलं बरं. नेसवून घ्याच, स्वतः बांधलेला युकाता अर्ध्या तासात सुटतो, उड्या मारायच्या आहेत हे विसरू नका. झोरीला कापडाची पट्टी किंवा दोरी घेऊन पायाशी घट्ट बांधा, नाहीतर गर्दीत चप्पल निघाली की गेली. ताबीच्या आत अंगठ्याशेजारी आधीच चिकटपट्टी लावून ठेवा, मी लावली नव्हती आणि तिसऱ्या दिवशी चालता येत नव्हतं.

एक मात्र करू नका, काळे कपडे घालून, वाट्टेल तसं नटून घुसू नका. नव्वदच्या दशकात काळ्या कपड्यांत येऊन धुडगूस घालणाऱ्या पोरांचे घोळके फार वाढले होते, त्यांना कारासु हानेतो म्हणजे कावळे हानेतो म्हणायचे, आणि त्यांच्यामुळे उत्सव बंद पडतो की काय अशी वेळ आली होती. २००१ मध्ये कायदा कडक केला, आणि गाडे एकेक करून सोडण्याऐवजी सगळे एकदम सुरू करून एकदम संपवायची पद्धत पण त्याच वर्षी आली. त्यामुळे पोशाखाचा नियम तिथे फार मनावर घेतात, आणि तो पाळायलाच हवा.

नाच अवघड आहे का?

अजिबात नाही. उजव्या पायावर दोन उड्या, डाव्या पायावर दोन उड्या, झालं. ओरडायचं "रास्सेरा, रास्सेरा", एक जण सुरू करतो आणि बाकीचे "रास्से, रास्से, रास्सेरा" करून उचलतात. घरोघर मेणबत्त्या, दारू मागत फिरताना द्या, काढा अशा अर्थाचं दासे म्हणायचे त्याचं हे झालं असं सांगतात. अवघड काय असेल तर दोन तास टिकणं. पहिली वीस मिनिटं अंगात आल्यासारखं होतं, मग दम लागतो, तेव्हा चालायचं, पाणी प्यायचं, परत उड्या मारायच्या. कोणी हसत नाही.

लहान मुलं, आई-बाबा येतील का?

मुलं नक्की येतील, मुलांचे हानेतो पोशाख पण भाड्याने मिळतात. ढोल जवळून फार मोठा वाजतो, तान्ह्या बाळाला घेऊन अगदी पुढे बसू नका. आई-बाबांना खुर्ची, आणि दिवसा त्यांना स्टेशनजवळच्या वा रास्से या नेबुता म्युझियममध्ये घेऊन जा. २०११ ला सुरू झालंय, आत खरे मोठे नेबुता ठेवलेत, एसी आहे, मोजके दिवस सोडले तर वर्षभर उघडं असतं, ढोल वाजवून पण बघता येतो. तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर आस्पाम नावाची त्रिकोणी बिल्डिंग आहे, तिच्या बाजूला नेबुताच्या शेड असतात, तिथे दिवसाढवळ्या शांतपणे जवळून बघा. रात्री जो राक्षस वाटतो त्याच्या कानापाशी कागदाचा जोड कसा लावलाय ते दिसतं.

टोकियोहून जायचं कसं, राहायचं कुठे?

हायाबुसा नावाची शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन, टोकियो ते शिन-आओमोरी सव्वातीन तासांच्या आसपास, एका बाजूचे सतरा-अठरा हजार येन. शिन-आओमोरीहून आओमोरी लोकलने एकच स्टेशन. हायाबुसामध्ये सगळ्या सीट रिझर्व्ह असतात आणि बुकिंग बरोबर एक महिना आधी सकाळी १० ला उघडतं, म्हणजे ५ ऑगस्टला जायचं तर ५ जुलैला सकाळी तयार राहायचं. स्वस्तात हवं तर रात्रीची बस.

हॉटेल ही खरी डोकेदुखी. शहर एवढंसं आणि कोविडच्या आधी त्या सहा दिवसांत पंचवीस लाखांच्या वर लोक यायचे, त्यामुळे रूम फार आधी संपतात आणि उरलेल्यांचे भाव विचारू नका. हिरोसाकी, हाचिनोहे, मोरिओका या दुसऱ्या शहरांत राहून ये-जा करता येते. शेवटची गाडी आधी लिहून ठेवा. एका वर्षी माझी हिरोसाकीची शेवटची गाडी दोन मिनिटांनी चुकली आणि रात्र स्टेशनबाहेर काढली, एकटा नव्हतो, हानेतोच्या पोशाखात बरेच जण होते, तरी ऑगस्ट असून पहाटे थंडी वाजली.

हिरोसाकी आणि गोशोगावाराचं पण ऐकलंय. तेच का?

भाऊबंद आहेत. हिरोसाकीला नेपुता म्हणतात, ब नाही प. तिथे पंख्याच्या आकाराचे कंदील, समोर लढाई आणि मागे उदास सुंदर स्त्रीचं चित्र, आरोळी "या-यादो", सगळं जरा संथ आणि भारदस्त. १ ते ७ ऑगस्ट. गोशोगावाराला ४ ते ८ ऑगस्ट, तिथले कंदील उभे, साधारण २३ मीटर, म्हणजे सात मजल्यांएवढे. मधली कित्येक वर्षं बंद पडले होते, नव्वदच्या दशकात गावकऱ्यांनी परत उभे केले. तीन रात्री असतील तर तिन्ही करा.

पाऊस आला तर?

नेबुतावर प्लॅस्टिक घालून काढतात. चमक थोडी जाते, लोकांचा जोर जात नाही. छत्री उघडू नका, मागच्यांना दिसत नाही, रेनकोट न्या.

मी शाकाहारी आहे, खायचं काय?

खरं सांगतो, त्रास होईल. आओमोरी म्हणजे समुद्र, होताते नावाचे मोठे शिंपले, मासे, आणि भाजीच्या सूपमध्ये पण माशाचं पाणी. स्टॉलवर भाजलेलं मक्याचं कणीस, बर्फाचा गोळा, फळं मिळतात. कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, लेबल वाचून. थेपले, चिवडा टोकियोहूनच घेऊन निघा. जपानमधली निम्म्याहून जास्त सफरचंदं याच राज्यात होतात (राज्याचं नावही आओमोरीच), ताजी ऑगस्टमध्ये हंगामाआधीची म्हणून कमी, पण रस आणि ॲपल पाय कुठेही, आणि तो रस प्यायल्यावर दुसरा आवडणार नाही. मासे खाणाऱ्यांनी सकाळी फुरुकावाच्या मासळीबाजारात जावं, कुपनं घ्यायची, भाताचा बाऊल घ्यायचा आणि एकेका दुकानातून आवडेल ते त्यावर घालून घेत फिरायचं, याला नोक्के-दोन म्हणतात.

रस्त्यात घुंगरू सापडलं, ठेवून घेऊ का?

ठेवा, बिनधास्त. हानेतोच्या अंगावरची घुंगरं उड्या मारताना गळतात आणि ज्याला सापडतं त्याचं नशीब उघडतं असं मानतात, पोरं तर मिरवणूक संपल्यावर रस्ताभर वाकून शोधत असतात. त्यांना आधी शोधू द्या. माझ्याकडे तीन आहेत, चौथं मी आईला पाठवलं होतं, ते तिने देवघरात घंटेशेजारी ठेवलंय.